उपाशी ठेवलेले कांदे

लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा बायकोच्या माहेरी गेलो, तेव्हा छाप पडावी म्हणून फुललेल्या गुलाबाची कुंडी घेऊन गेलो होतो. दार उघडलं ते केसांत माती आणि हातात कात्री असलेल्या एका बाईने. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कुंडी हिसकावली, उलटी केली आणि बुडावर अशी थाप मारली, की आख्ख्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. लोंबणारी मुळं तिने डोळ्यांजवळ नेली.

"खाऊन खाऊन माजलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच स्वयंपाकघरातून व्हिनेगरचा भपका आला. भिंतीवरच्या घड्याळालाही ठसका लागावा असा. मागोमाग ती पातेलं घेऊन बाहेर आली. त्यात निळ्या शाईत माझ्या गुलाबाची मुळं उकळत होती.

"चहा वेगळा येतोय हं," होणाऱ्या सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "हे प्यायचं नाही."

ती माझी आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण. घरी आणि ती काम करायची त्या संशोधन संस्थेत, सगळीकडे तिला ताईच म्हणत. तिचा जीव एका बुरशीत अडकला होता. ही बुरशी झाडाच्या मुळांत बिऱ्हाड करते, केसाहून बारीक धागे मातीत दूरवर सोडते, तिथून पाणी आणि खनिजं ओढून झाडाला देते. झाड तिला साखर देतं. व्हिनेगर घातलेल्या शाईत उकळलं की मुळांमधली बुरशी निळी दिसते. माझ्या गुलाबात ती औषधालाही सापडली नाही, आणि ते ताईने लग्नात माझ्या घरच्यांना सांगितलं.

या बुरशीची एक खोड आहे. ती एकटी जगत नाही, जिवंत मूळच लागतं. आणि झाडाला आयतं खत मिळालं, की झाड या बिऱ्हाडकरणीला हाकलून देतं. म्हणून ताई काचघरात कुंड्यांमध्ये कांदे लावायची आणि ते जाणूनबुजून उपाशी ठेवायची. तिची बुरशी गावाबाहेरच्या बंद खाणीच्या ढिगाऱ्यावर उगवलेल्या एकुलत्या एका झुडपाची होती. ते झुडूप पुढे ट्रकखाली गेलं. आता ती होती फक्त या कुंड्यांत. तिच्या जोरावर तो उजाड ढिगारा हिरवा करायचा, हा ताईचा हट्ट.

अशात संस्थेत नवे साहेब आले.

"ताई, ही रोपं आजारी आहेत का?"

"नाही. कामावर आहेत."

"पाहुणे यायचेत. काचघर हिरवंगार दिसलं पाहिजे. माळ्याला सांगितलंय, उद्या खत घालेल."

"खत घातलं तर बुरशी जाईल."

"पण ती दिसते कुठे?"

"साहेब, तुमची हुशारी तरी कुठे दिसते? आम्ही आहे असं धरून चालतोच ना?"

दुसऱ्या दिवशी काचघराला ताईचं स्वतःचं कुलूप होतं आणि दारात स्टुलावर ताई. माळी खताचं पोतं घेऊन आला, तिचा चेहरा पाहिला आणि निमूटपणे पोत्यावरच बसला. साहेब धावत आले.

"हा शिस्तभंग आहे!"

"लेखी द्या. सही करते."

साहेब कुलूप तोडायला माणूस शोधायला गेले. ताईने मला फोन केला. "गाडी घेऊन मागच्या दाराशी या. का ते विचारू नका." कुलूप तुटलं तेव्हा काचघरात नुसती टेबलं होती.

कुंड्या घरी आल्या. गॅलरी भरली, उरलेल्या कुंड्या बाथरूममध्ये गेल्या.

"आई, यांना फक्त पाणी. दुसरं काही नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. पाहुणा एका वाढपावर उठला तर त्यांना रात्रभर झोप लागत नसे. त्यांचं हे 'बरं' कसलं, ते मी ओळखायला हवं होतं.

ताई साहेबांच्या नोटिशीला उत्तर द्यायला संस्थेत गेली. परत येऊन पाहते, तर गॅलरीतले कांदे टेचात उभे, गर्द हिरवे.

"आई!"

"खत चमचा चमचाच घातलं गं. बघवेना. पोटची पोर असती तर..."

"पोटची पोर मी आहे!"

"तू तरी कुठे धड जेवतेस?"

गॅलरीतली बुरशी गेली. बाथरूमपर्यंत पोचण्याआधी सासूबाईंचा गुडघा धरला, म्हणून तिथल्या कुंड्या वाचल्या. ताईने बाथरूमला कुलूप ठोकलं. सासूबाई शेजारणीकडे आंघोळीला जाऊ लागल्या आणि तिथे लेकीची गाऱ्हाणी सांगून ताज्यातवान्या होऊन येऊ लागल्या.

साहेबांनी निरोप धाडला, माफी मागा आणि कुंड्या परत आणा.

"कुंड्या येतील," ताईने कळवलं. "माफी घरीच राहील."

गेल्या त्या नुसत्या रिकाम्या कुंड्या; कांदे मातीसकट बाथरूममध्येच राहिले. पुढे बिनपगारी रजा टाकून ताईने ढिगाऱ्यावर रोपं लावली. अर्ध्या भागात बुरशीसकट, अर्ध्यात बुरशीविना, म्हणजे फरक जगाला दिसेल. पाणी घालायला आम्ही सगळे होतो. गुडघ्याला पट्टा बांधून सासूबाईही. येताना त्यांच्या पिशव्या तपासल्या जात.

झाडं खांद्याला लागली तेव्हा मोजमाप झालं. आकडे पाहून साहेब म्हणाले, "हे छापू नका, हसं होईल."

"जे आहे तेच छापणार. हसणाऱ्यांनी हसावं."

आणि तिने छापलं. दोन्ही भागांतली झाडं सारखीच वाढली होती. बुरशीविना लावलेल्यांची मुळंही शाईत निळी निघाली; ती बुरशी ढिगाऱ्यात सगळीकडे आधीपासूनच होती.