पार्सलचे कान

परंड्याकडच्या ठाण्यात असतानाचा तो गुन्हा अजून माझ्या मनातून जात नाही.

एक जीपवाला तक्रार घेऊन आला. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बिघडला होता. त्याने तो टपालाने पुण्याच्या कारागिराकडे दुरुस्तीला पाठवला होता. डबा परत आला, बसवला, पण गाडी सुरूच होईना. शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम त्याच्याकडे होतं. सोमवारपर्यंत गाडी आली नाही तर दुसरी लावू, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

मी कारागिराला फोनवर फैलावर घेतलं. त्याने शांतपणे पाठवलेल्या डब्याचा फोटो धाडला. त्यावरचा नंबर जीपमध्ये बसवलेल्या डब्यापेक्षा वेगळा होता. म्हणजे डबा बदलला होता, पण कुठे? जीपवाल्याने सांगितलं, पार्सल आलं त्या दिवशी अमावस्या होती, म्हणून न उघडता एक दिवस देवापुढे ठेवलं.

माझ्या टेबलावर पार्सलचं कापड पडलं होतं. मी ते दहा वेळा पाहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी भरती झालेल्या महिला शिपायाने एकदाच पाहिलं.

"साहेब, ह्या बाजूला पोत्यासारखे कान काढल्यात. पार्सलला कान कोण काढतंय?"

पोतं शिवताना उचलायला सोपं जावं म्हणून कोपऱ्यांना कान ठेवतात. जीपवाल्याचा चुलतभाऊ त्याच वस्तीवर राहायचा, त्याचीही तसलीच जीप होती आणि सुगीत तो आडतीवर पोती शिवायचा. हाताची सवय नडली.

त्याला बोलावून कापड नुसतं समोर ठेवलं. त्याने त्या कानांवरून अंगठा फिरवला.

"दोघांनी एकाच दिवशी गाड्या घेतल्या, साहेब. शाळा त्येलाच मिळाली. रोज माझ्या दारावरनं पोरं भरून जायचा. बघवत न्हवतं."

देवापुढचं पार्सल रात्री उसवून त्याने स्वतःचा जुना जळका डबा आत घातला होता आणि ते पुन्हा शिवलं होतं. खरा डबा त्याच्या ज्वारीच्या कणगीत सापडला. कोर्टाच्या हुकमाने तो सुपूर्दनाम्यावर परत दिला आणि सोमवारी जीप शाळेपुढे उभी राहिली.

वरिष्ठांनी विचारलं, कानांचं कुणाच्या लक्षात आलं? मी म्हणालो, तपासात निष्पन्न झालं. ती शिपाई शेजारीच उभी होती. तीस वर्षांच्या नोकरीनंतर कालच्या पोरीने मला मागे टाकलं, हे मला सोसलं नव्हतं.

माणूस जळतो तो परक्यावर नाही, आपल्या शेजारी उभ्या असलेल्यावर, हे त्या गुन्ह्याने शिकवलं. चुलतभावाने अर्ध्या तासात कबुली दिली. मला मात्र निवृत्तीनंतर हे लिहायला बसावं लागलं.