दारात बसलेली बाई

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि आमच्या भागात दुष्काळ होता. टँकरचा अर्ज घेऊन मी कलेक्टर कचेरीच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारी बसलेल्या गुरुजींच्या हातात पेपर होता. रशियाच्या फौजेनं दोन-तीन वर्षांपूर्वी अफगाणिस्तानात शिरून तिथलं सरकार बदललं, ते बरं की वाईट, यावर आमची दोघांची जुंपली.

निलंग्याकडची एक म्हातारी सुपारी कातरत ऐकत होती. मधेच म्हणाली, "पोलीस ॲक्शनला आमच्याकडं बी फौज आली. निजामाचा जुलूम गेला. लई हार घातले मी."

"म्हणजे बरंच झालं ना, मावशी?" गुरुजींनी विचारलं.

"हाव. पण दुसऱ्या दिवशी आमच्याच गावची माणसं शेजारच्या मुसलमानाच्या घरावर चालून आली. त्या घरातल्या मायलेकींना मी माझ्या धान्याच्या कणगीत लपवलं अन् विळा घेऊन दारात बसले. पाच दिवस."

"भ्या नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. पण उठले न्हाई." मग गुरुजींकडं वळून तिनं साधेपणानं विचारलं, "तिकडं आता कुणाच्या दारात कोण बसलंय, ते छापलंय का हो त्यात?"

गुरुजींनी खरंच सगळी पानं उलटून पाहिली.