नवरदेव उतरेपर्यंत

बँडमध्ये आल्यापासून माझ्याकडे गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. रिहर्सलला जाते कीबोर्ड वाजवायला आणि घरी येते ती काहीतरी सांगायला घेऊनच.

आमचा जॅझ फ्यूजनचा बँड धरमपेठेत, सुबोधदादाच्या गॅरेजमध्ये जमतो. बास गिटार दादाची, ड्रम्सवर निखिल. त्याची झांज कडाडली की मी अजूनही दचकते. पहिल्या दिवशी तर दचकून कीबोर्डवर भलतेच सूर दाबले गेले. दादा खूश. "मस्त! परत वाजव."

कुठले सूर होते, मला कुठे आठवतंय?

दादा निखिलकडे वळला. "हिले परत दचकव बे."

*

क्लॅरिनेट वाजवतात गजाननकाका. मूळचे नरखेडकडचे. जन्मभर वरातीच्या बँडमध्ये वाजवलं, मग डीजे आले आणि बँड मोडला. दादाने त्यांना जॅझ समजावलं. ठरलेलं थोडं, बाकी समोरच्याकडे बघून सुचेल ते वाजवायचं.

काका म्हणाले, "वरातीत नवरदेवाच्या मामाचं तोंड पाहून धून बदला लागते. तेच हाय गा हे."

*

काकांच्या वाजवण्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

"इतक्या लग्नांचे व्हिडिओ असतील ना," मी म्हटलं.

"हायेत न. मी फुकून राहिलो, अन् वरून गाणं टाकलं सिनेमाचं. नातवाले वाटते, आजोबा फुगे फुगवून राहिले."

हसले, पण क्लॅरिनेट पुसत बसले बराच वेळ. त्याच दिवशी दादाने ठरवलं, आमच्या होऊ घातलेल्या अल्बममध्ये काकांचा मोठा सोलो घ्यायचाच. सीताबर्डीच्या एका स्टुडिओत एक दुपार मिळाली.

*

अडचण एकच होती. काका सोलो संपवत नसत. दादा मान हलवायचा, डोळे मोठे करायचा. काका आपले सुरूच.

"काका, थांबणार कधी?"

"नवरदेव घोड्यावून उतरल्याशिवाय बँड थांबते का गा?"

आमच्याकडे नवरदेव नव्हता. मग मला नेमलं. मी स्टूलवरून उठले, की नवरदेव उतरला. काका बरोब्बर थांबायला लागले.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांनी सोलो उचलला, निखिलची झांज कडाडली, मी दचकून उठले. काका थांबले. दुसऱ्या टेकला मी आधीच जीव मुठीत धरून बसले होते. त्यामुळे आणखीच उंच उडाले.

"काहून वं पोरी? आत्ताच तं चढला होता."

वेळ एकाच टेकपुरता उरला. दादाने माझी ओढणी घेतली आणि मला स्टूलला करकचून बांधलं. "आता दचक."

झांज वाजली. मी दचकले, स्टूल करकरलं, पण उठले नाही. काका वाजवत गेले. असं त्यांनी गॅरेजमध्ये कधीच वाजवलं नव्हतं. आमचं ठरलेलं संपलं. दादाची बास थांबली, निखिलने काठ्या मांडीवर ठेवल्या. काका एकटेच, नजर माझ्यावर. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने घड्याळ दाखवलं. दादा खुणावत होता, ऊठ, ऊठ. मी गाठ ओढत होते, ती आणखी घट्ट बसत होती.

शेवटी दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि वाकून तशीच उभी राहिले.

काकांनी सूर हळूच खाली आणून टेकवला. नातवाला पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर थोडी शांतता आहे, आणि मग काकांचा आवाज.

"आज घोड्यासकट उतरला गा."