ग्रेगरीची न उघडलेली सॅक

ठाकुर्लीचे हरिहर देवधर दूधवाल्यावर संशय घेत, लिफ्टवर घेत, हवामान खात्यावर तर विचारूच नका. दाराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघायचे, आणि जिन्यावरून परत येऊन पाचव्यांदा. "अहो, कुलूप आहे ते, आरोपी नाही," त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणायच्या. पण दोष हरिहरांचाही नव्हता. बावीस वर्षं त्यांनी जकात नाक्यावर काढली होती. "ताडपत्री काढ. मागचं दाखव. आता खालचं दाखव." कांद्याच्या गोण्यांखालून फरशा निघताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पुढे जकात गेली, हरिहर पाणीपट्टीला गेले, निवृत्तसुद्धा झाले. नजर तेवढी नाक्यावरच राहिली.

अशा माणसाला डोंगरात एकच सोबती टिकला. कोपरीचा ग्रेगरी परेरा, वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यातला निवृत्त फिटर. एकोणीस वर्षं दर डिसेंबरात दोघं पाठीवर सॅक टाकून मुरबाडच्या पुढची एखादी घाटवाट चढायचे, वरच्या गावात कुणाच्या तरी पडवीत मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने उतरायचे. बाकीचे आले तसे गेले. बँकेतल्या गुणाजी पाठारेंना तर हरिहरांनी मुरबाड स्टँडवरून परत पाठवलं होतं, दोनदा खोकले म्हणून. "वर जाऊन वाढला तर उचलणार कोण? मी?"

आणि पायथ्याला दर वर्षी नाका लागायचा. शेवटच्या घराच्या अंगणात एकमेकांच्या सॅका उघडायच्या, सगळं घोंगडीवर मांडायचं, फाजील असेल ते तिथेच ठेवायचं. त्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. नियम हरिहरांचा. ग्रेगरी आपला "साहेब, पावती हाय ना!" म्हणून हात जोडायचा.

या वर्षी खोपिवलीच्या अंगणात हरिहरांनी सवयीने बोट दाखवलं. "उघड."

"राहू दे ना, हरी. थंडी बघ काय सुटलीय."

"एकोणीस वर्षं थंडी नव्हती?"

"अरे बाबा, सुझानानं भरलीय. आता खोलली तर परत मना भरता येणार नाय. चल, ऊन चढंल."

आणि तो चालू लागलासुद्धा.

हरिहरांना संशय आला. महिन्याभरापूर्वी हाच फोनवर म्हणाला होता, "मेलरॉयला घेऊ का रं यंदा?" मेलरॉय म्हणजे ग्रेगरीचा भाचा, तिशीचा, दंड असे की टी-शर्ट रडावा. हरिहरांनी "बघू" म्हणून विषय कापला होता. आता हिशेब लागत होता. हरिहरांचा डावा गुडघा तीन वर्षं उतारावर दगा देत होता, आणि ही गोष्ट त्यांनी मंदाकिनीबाईंनाही सांगितली नव्हती. ग्रेगरीला हे कळलं तर पुढच्या डिसेंबरात त्यांच्या जागी मेलरॉय. खोकल्यावरून माणूस परत पाठवणाऱ्याला गुडघ्यावरून सूट कोण देणार?

वाट कारवीतून चढत होती. सुकलेल्या गवतावर दव होतं, श्वासाची वाफ दिसत होती. हरिहर मुद्दाम मागे राहिले आणि सॅक न्याहाळू लागले. चांगली टम्म फुगलेली. पण पट्टे खांद्यात रुतत नव्हते. तांदूळ, स्टोव्ह, डाळ, सगळं या खेपेला ग्रेगरीकडे. एवढं ओझं असेल तर सॅक चालताना खाली ओढते. ही तर पाठीवर हलत होती, वरातीतल्या घोड्याच्या तुऱ्यासारखी.

"वजन किती आहे रे?" हरिहरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हाय की. भरपूर हाय."

"आकडा सांग."

"डोंगरात काटा आणू काय तुझ्यासाठी?"

शिवाय तो दर वळणावर थांबत होता. "काय पाखरू हाय बघ!" पाखरू कुठेच नसायचं. म्हणजे हा थांबून आपली चाल तपासतोय, हरिहरांची खात्री पटत चालली. स्वतः हलकं घेऊन आलाय, आपल्याला दमवणार, आणि घरी जाऊन सांगणार, म्हातारा संपला.

अर्ध्या चढावर पाण्याचं टाकं लागलं. ग्रेगरीने सॅक कातळाला टेकवली आणि "जरा आडोशाला जाऊन येतो" म्हणून कारवीत शिरला. हरिहरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दोरी सोडली.

आत उशी होती.

चांगली मोठी, अभ्र्यावर गुलाबाचं भरतकाम. तिच्याखाली दुसरी उशी. तळाशी पाव, औषधांची पट्टी आणि पाण्याची अर्धी बाटली. तांदूळ नाही, स्टोव्ह नाही.

"ठेव ती," मागून आवाज आला. "सुझानाची हाय. मळली तर मना घरात घेणार नाय."

"हे काय आहे?"

"उशी."

"ते दिसतंय! जेवण कुठाय?"

ग्रेगरी कातळावर बसला. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "ऑगस्टमध्ये छातीत स्प्रिंग टाकलीय. डॉक्टर बोलला, चाल, पन ओझं नको. मेलरॉयला त्यासाठीच विचारलेलं, उचलायला. तू बघू बोललास."

"मग सांगायचं नाही?"

"तुना? गुणाजी खोकला तर एसटीत बसवलास त्याला. मना तर अँब्युलन्समधीच घातला असतास."

माल लपवणाऱ्यांना हरिहरांनी बावीस वर्षं पकडलं होतं. कुणी का लपवतं, हे नाक्यावर विचारायची पद्धतच नव्हती.

"माझा गुडघा गेलाय," ते एकदम म्हणाले. "डावा."

"मना ठाव हाय."

"कधीपासून?"

"तीन वर्सं. उतारावर तू बडबडायला लागतोस. एरवी डोंगरात तुझं तोंड उघडत नाय. गेल्या वर्षी आख्खा उतारभर पाणीपट्टीचे नियम ऐकले मी."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू आला असतास?"

खाली सगळा मुरबाडचा पट्टा धुरकट उन्हात पसरला होता. परत फिरावं तर उतार, तो हरिहरांना नको. वर जावं तर चढ, तो ग्रेगरीला. अन्न दोघांकडे मिळून पाव आणि हरिहरांच्या सॅकमधल्या सहा दशम्या.

"वर आहुप्याला एसटी येते," हरिहर म्हणाले. "सावकाश चढू. आज तिथल्या नंदाबाईंच्या पडवीत जेवण मागू. उद्या गाडीने घरी."

"आणि पुढच्या डिसेंबरला?"

"आधी डॉक्टरचा कागद दाखव. किती चालायचं म्हणाला, नक्की आकडा."

"विश्वास नाय?"

"अजिबात नाही."

"कागद कोपरीला हाय."

"मग परवा मी येतो कोपरीला. स्वतः वाचणार." हरिहरांनी पाण्याची बाटली काढून आपल्या सॅकमध्ये घातली, उशा परत दाबून बसवल्या आणि दोरी आवळली. "आणि माझा एक्स-रे घेऊन येतो. तूही वाच."

"मना काय कळणार एक्स-रेमधलं?"

"मला तरी कुठे कळतंय? चल. आणि खोटं पाखरू दाखवायचं नाही. दम लागला की सरळ 'दम' म्हणायचं."

दहा पावलांवर ग्रेगरी थांबला. "दम."

हरिहर थांबले. घड्याळ बघितलं, त्याचा चेहरा बघितला, ओठांचा रंग बघितला, आणि खात्री होईपर्यंत बघत राहिले.