नखं कापताना

कोल्हापुरात आमचे आबा ज्या दवाखान्यात होते, तिथल्या मोठ्या सिस्टरांच्या खिशात कायम नेलकटर असायचं. आवाज दणदणीत, चाल घाईची. पण दुखणं जोखमीचं असलं, की त्या खाटेशेजारी स्टूल ओढून पेशंटची नखं कापत बसायच्या आणि मध्येच विचारायच्या, "पुढं जास्तच झालं, तर काय करायचं?"

आबांना विचारलं तेव्हा मीच घाईनं म्हणालो, "काही होत नाही त्यांना."

"तुमास्नी न्हाय इचारलं." त्यांची नजर नखावरच होती.

आबा म्हणाले, "नळ्या घालू नका. गावाकडं गारगोटीला घरी न्या, पुढच्या सोप्यात निजवा."

मी उठून चाललो, तर सिस्टरांनी मला खाली बसवलं. "मी ऐकून काय उपेग? सही तुमची लागती. आबा, पोराकडं बघून परत सांगा."

आबांनी परत सांगितलं. मला त्या बाईंचा भयंकर राग आला.

आठवड्याभरात आबांची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी मशीनचं विचारलं. चुलते ओरडले, "लावा की!" मी सिस्टरांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय? तुमी ऐकलंय की."

मग मी आबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आबा घरी, सोप्यातच गेले.

काही वर्षांनी हृदयाच्या ऑपरेशनसाठी मी तिथंच दाखल झालो; मुलगी बाहेर बाकावर बसली होती. केस पिकलेल्या सिस्टर स्टूल ओढून बसल्या. मी घाईनं म्हणालो, "सिस्टर, नखं कालच कापलीत."

"मग तेवढा येळ वाचला," त्या म्हणाल्या. "पोरीला आत बोलवा."