शिमेवरचा चितारी

घोड्याचे डोळे रंगवण्याआधी सगुण चितारी त्याच्या थोबाडीत मारायचा. लाकडाचा घोडा, मान आणि तोंड तेवढंच, पण हा त्याच्या गालफडावर असा तडाखा द्यायचा की ओसरीवर बसलेली माणसं दचकून वळून बघायची. मग ब्रश हातात घ्यायचा. "मार खाल्ल्याशिवाय राग येना नाय, आणि बिनरागाचो घोडो काय नाचतलो, कपाळ?" त्याने काढलेल्या त्या डोळ्यांना मी लग्नाच्या वयाची झाले तरी घाबरत होते, खरंच सांगते.

तो मूळचा सावंतवाडीकडचा. गोव्यात, डिचोलीत आला तो खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून, आणि ट्रकांच्या फाळक्यांवर चित्रं काढता काढता इथलाच झाला. शिरगावच्या रस्त्याला तांबड्या धुळीतून त्याने रंगवलेला ट्रक लांबूनही ओळखू यायचा. मागे नख्या काढलेला वाघ, नाहीतर एकमेकांच्या नरड्याला लागलेले दोन कोंबडे. एका मालकाने लक्ष्मी काढायला सांगितली, तर तीही कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसत होती. मालकाने पैसे दिले आणि वर हातही जोडले.

स्वभाव चित्रांसारखाच. चहाच्या दुकानात एकाने त्याला 'भायलो' म्हटलं, म्हणजे बाहेरचा, तर ह्याने समोरचा गरम चहा त्याच्या मांडीवर ओतला. सणाला गावी गेला की तिथले त्याला 'गोंयकार', म्हणजे गोव्याचा, म्हणून चिडवायचे, आणि तिथेही मारामारी करून यायचा. सुजलेला ओठ घेऊन आमच्या पडवीत बसायचा आणि माझ्या आईला विचारायचा, "हय भायलो, थय गोंयकार. माझो गाव काय शिमेच्या धोंड्यार आसा?" आई त्याच्यापुढे उंडो, आमच्याकडचा पाव, आणि भाजी सरकवायची.

शिगम्याला, म्हणजे शिमग्याला, आमच्याकडे घोडेमोडणी होते. कंबरेला घोड्याचा सांगाडा बांधायचा, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि ढोलाच्या तालावर गावच्या शिमेपर्यंत, म्हणजे वेशीपर्यंत, नाचत जायचं. एका घोड्याचा मान आमच्या घराचा. नियम दोनच. शीम ओलांडायची नाही, आणि दिवेलागणीच्या आत घोडा आपल्या तुळशीपुढे परत आला पाहिजे. नाही आला तर मान भाऊबंदांतल्या दुसऱ्या घराकडे जातो. बाबा वारले तेव्हा हा मान आमच्याकडून जाणार असंच सगळे धरून चालले. मला भाऊ नाही. दुसरं घर म्हणजे शाणूकाका, बाबांचा सख्खा भाऊ, आणि तो तर टपूनच बसला होता.

आईने सगुणला बोलावलं. "घोडो तुवेंच घडयला. आतां तूंच नाचय." सगुणने तिथेच घोडा कंबरेला बांधून बघितला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी या गावात काही करायचा मान दिला नव्हता, नुसतं काम दिलं होतं.

तेच वर्ष भाषेच्या भांडणाचं, गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी. रस्त्यात झाडं आडवी टाकत होते, बसच्या काचा फोडत होते, काल एका ताटात जेवलेले आज एकमेकांची डोकी फोडत होते. मराठीवाल्यांनी सगुणकडून फलक रंगवून घेतले. कोंकणीवाल्यांनीही घेतले. ह्याने दोन्हीकडे शिगम्याच्या घोड्यांचा उरलेला लाल रंग वापरला आणि दोन्हीकडे तेच, घोड्याच्या शेपटीसारखं फटकारे मारलेलं अक्षर. मग काय, दुपारी एकांनी धुतला, संध्याकाळी दुसऱ्यांनी. आमच्याकडे येऊन रक्त थुंकत हसला. "दोघांनीय वळाखल्यानी. म्हणजे अक्षर बरा आसा."

शिगम्याच्या दिवशी शाणूकाका चारपाच जण घेऊन अंगणात उभा. "भायल्याक घोडो ना. आमचो घोडो गोंयकारूच नाचयतलो." सगळं गाव तेव्हा कोण कुठला हेच विचारत होतं, त्याला आयतं हत्यार मिळालं. आई म्हणाली, "कोण नाचयता तें आमचें घर थारायतलें," आणि तिने सगुणच्या कपाळाला कुंकू लावलं.

काय नाचला तो! गावातून जाताना मारायला उठलेले हातसुद्धा थांबले. शीम म्हणजे आमच्याकडे एक व्हाळ, लहानसा ओढा. सगुण काठापर्यंत गेला, घोड्याचं तोंड पाण्यावर झुकवलं, आणि परत वळला, तर मागची वाट काकाने आणि त्याच्या माणसांनी अडवलेली. पहिली काठी तलवारीच्या हातावर बसली. बोटं फुटल्याचा आवाज मी शेवटच्या घरापाशी ऐकला. बायकांनी त्यापुढे जायचं नसतं. ढकलत ढकलत त्यांनी त्याला व्हाळात नेलं. पलीकडच्या गावचे तयारच होते. आमची शीम ओलांडलीस म्हणून त्यांनीही हाणायला सुरुवात केली. इकडे आला की इकडचे, तिकडे गेला की तिकडचे. आणि हा मूर्ख माणूस मार चुकवायचा सोडून पाठ वाकवून घोडा झाकत होता.

मी धावले. कुणी अडवलं नाही, कारण बाई धावेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्याने डाव्या हाताने आणि दातांनी सांगाड्याच्या गाठी सोडल्या. तोंड रक्ताने भरलेलं. "बाय, तू घरची. तुका भायली कोण म्हणात? भितर शिर."

मी घोड्यात शिरले. काकाने माझ्यावरही काठी उचलली. मी तलवार त्याच्या गळ्यापाशी धरली आणि म्हटलं, "काका, बाजूला हो, नाहीतर चिरीन." खरंच चिरला असता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. मला नाचता येत नव्हतं. रडत, ठेचकाळत मी घोडा तुळशीपुढे आणला तेव्हा आई निरांजन घेऊन उभी होती. ती आधी सगुणला शोधत होती.

ट्रकवाल्यांनी त्याला त्याच्या गावी पोचवलं. उजव्या हाताची बोटं गेली. पुढे गोवा घटकराज्य झालं, गावात फटाके वाजले. मी त्याला आणायला गेले तर अंगणातूनच विचारतो, "घोडो पावलो मा घरा? झाला तर." आला नाही. आईने बोलावलं तरी आला नाही.

तो गेल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या भाचीने मला त्याची खोली दाखवली. आख्खी भिंत त्याने डाव्या हाताने रंगवली होती. मधे व्हाळ, इकडे काठ्या उगारलेलं आमचं गाव, शाणूकाका तर हुबेहूब. पलीकडे दुसरं गाव. घोड्यात मी, केस सुटलेली, तलवार वर. सगुण कुठेच नव्हता. ना ह्या काठावर, ना त्या.

मला इतका राग आला! मार खाऊन गेलास आणि चित्रातूनही गेलास? मी चुलीतला कोळसा उचलला आणि व्हाळाच्या पाण्यात, दोन्हीकडच्या काठ्यांच्या मधोमध, एक माणूस काढला. मला कुठली चित्रकला येते? वाकडातिकडा आला, म्हणून पदराने पुसायला गेले. भाची दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "रवांदे, पुसू नकात."