दिवाळ्याच्या जेट्टीवरचा झेंडा

मस्कतमधील आम्ही भारतीय स्वातंत्र्यदिन एका भाड्याच्या सभागृहात साजरा करतो. ध्वजाच्या घडीत फुले ठेवून ती, दोरी ओढताच सुटेल अशा सुरगाठीने, बांधण्याचे काम दरवर्षी माझी पत्नी हिरा करीत असे. बेलापूरच्या खाडीकाठी, दिवाळे गावातील माहेरी, ती हे आपल्या आईकडून शिकली होती. गेल्या चैत्रात हिरा गेली. यंदा त्या सभागृहात उभे राहणे मला अशक्य वाटले. म्हणून दिवाळ्यास जाण्याचे ठरवले.

विमानतळावरून टॅक्सीने वाशीचा खाडीपूल ओलांडून बेलापूर गाठावे. मुक्कामास सीबीडी सोयीचे. मात्र सुट्टीत कचेऱ्या बंद झाल्या की तो भाग निर्मनुष्य होतो आणि आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. तेथून गावापर्यंत रिक्षा मिळते, भाडे किरकोळ.

हिराचा भाऊ जनार्दन हॉटेलवर आला, तो घाईतच.

"भावजी, आयला काय बोलू नका. ताई गेल्याचं तिला सांगितलं नाय आमी. सोसवनार नाय तिला. तुमी दोघं येताव, असंच सांगितलंय."

"खोटे बोलणे मला जमणार नाही."

"बोलू नका ना मंग. गप बसा. ते तं तुमाला जमतंच."

सासूबाईंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्या ओट्यावर खाडीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी पायरी चढताच म्हणाल्या, "आलाव?" मग माझ्या खांद्यापलीकडे पाहत, "तिला म्हनावं, चपला भायेर काढ."

मी वळून पाहिले. पायरी ओली होती; तिथे कोणीही नव्हते. सासूबाईंनी चटईवर सरकून शेजारी जागा केली.

श्रावणामुळे घरात मासळी नव्हती. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे उत्तम होते. मासळीसाठी येणाऱ्यांनी नारळी पौर्णिमेनंतर यावे.

जेवणानंतर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी जेट्टीवर फडकवायचा ध्वज मांडीवर घेतला. घडीत तेरड्याची फुले ठेवली आणि दोरीचे एक टोक माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेत पुढे केले. "धर गो." क्षणभर थांबून त्यांनी मान डोलावली आणि गाठ बांधू लागल्या. ते टोक खाली पडले की नाही, हे मी पाहिले नाही. मी मान फिरवली होती.

सकाळी जेट्टीवर गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात कललेल्या होड्यांवर लहान झेंडे लावले होते. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. ध्वजारोहणाचा मान परदेशातून आलेल्या जावयाचा, असे गावाने ठरवले होते. मी दोरी ओढली. गाठ सुटली नाही. पुन्हा ओढली.

"जोर लावा पावनं! तिकडं नुसतं खजूरच खाता का?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. लोक हसले. मी तिसऱ्यांदा ओढली. दोरी वरून कोणीतरी घट्ट धरल्यासारखी ताठ होती.

तेव्हा खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. "पोरी, सोड गो आता. त्यांना एकट्याला जमेल."

मी ओढले नव्हते. दोरी माझ्या हातात सैल झाली, ध्वज उलगडला आणि तेरड्याच्या पाकळ्या माझ्या डोक्यावर पडल्या.

राष्ट्रगीतानंतर मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझे मनगट धरले.

"कवा गेली?"

जनार्दनकडे न पाहता मी म्हणालो, "चैत्रात."

"पावलं एकाचीच वाजली कालच्याला," त्या म्हणाल्या. "पन आली तं होती."

जनार्दन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

विमानतळाच्या वाटेवर मी त्याला समजावून सांगितले, की पावसाळ्यात दोरी भिजून फुगते आणि गाठ आवळते.

"नायलॉनची हाय ती, भावजी," तो म्हणाला. "फुगत नाय."

प्रजासत्ताकदिनी मस्कतच्या सभागृहातील ध्वज बांधण्याचे काम मी मागून घेतले आहे. परवा घरी हिराच्या ओढणीवर सराव करून पाहिला. दोरीचे दुसरे टोक धरण्यास कोणीतरी लागते, हे तेव्हा ध्यानात आले. मी ते डावीकडे पुढे केले आणि थांबलो. ते खाली पडले. मग पायाच्या अंगठ्याखाली दाबून मी गाठ बांधली. ती एका हिसक्यात सुटली.